पंधरा दिवस घरात मौन

"मॅडम, सकाळी चांगला असतो."

माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस सुरुवात अशीच करतो. काय चांगला असतो ते तो सांगत नाही आणि मलाही विचारावं लागत नाही. सकाळी आवाज चांगला असतो, दुपारी जड होतो, संध्याकाळी घरी आल्यावर चार शब्द बोलणं जिवावर येतं. मग घरचे म्हणतात, बाहेर सगळ्या जगाशी बोलता, आमच्याशीच काय होतं? यावरून अबोला धरलेली जोडपी मी पाहिली आहेत.

मी वाचा आणि श्रवण या विषयांची पदवी घेतलेली बाई. म्हणजे बोलण्याचे दोष आणि ऐकण्याचे दोष, दोन्ही माझ्या कामात येतात. बुलढाण्यात सरकारी नोकरीत तीस वर्षं काढली. निवृत्त झाले त्याच सुमारास टाळेबंदी आली. जुने पेशंट फोन करू लागले आणि मी घराच्या मागच्या खोलीत धान्याच्या कोठीवर मोबाईल टेकवून त्यांना आवाजाचे व्यायाम शिकवू लागले. टाळेबंदी गेली, कोठीवरचा मोबाईल तसाच राहिला. बुलढाण्याला येऊन जायचं म्हणजे लोकांचा एक दिवस जातो. फोनवर अर्ध्या तासात काम होतं.

आवाज थकतो म्हणजे काय, हे मी पेशंटला टाळी वाजवून सांगते. घशात दोन लहान पट्ट्या असतात. आपण बोलतो तेव्हा त्या एकमेकींवर आपटतात, डोळ्याचं पातं लवेपर्यंत कितीतरी वेळा. टाळ्या वाजवत राहिलं की तळहात लाल होतात, मग सुजतात, तरीही थांबलं नाही तर घट्टे पडतात. पट्ट्यांचंही तेच. शिक्षक, बाजारात पुकारा करणारे, कंडक्टर, सभांमध्ये बोलणारे, यांच्या पट्ट्या दिवसभर टाळ्या वाजवतात. माझं काम त्यांना हळू टाळी शिकवायचं. त्यासाठी गोळी नाही, इंजेक्शन नाही. पेल्यात बोटभर पाणी घ्यायचं, त्यात नळी बुडवायची आणि "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे. ओठ मिटून गुणगुणायचं. पाणी प्यायचं, खाकरायचं नाही, कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना घसा उलट जास्त आवळला जातो. हे ऐकून लोकांना वाटतं बाई आपली गंमत करते.

धामणगाव बढ्याचे एक गृहस्थ भाजीपाल्याच्या हर्रासात बोली पुकारायचे. मी त्यांना बुडबुड्यांचा व्यायाम दिला. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोनं मला फोन केला. "मॅडम, हे दिवसभर गिलासात फुकून राह्यले. मोहल्ल्यातले लोक पाहाले येतात. हे औषध बंद कधी होईन?" तीन महिन्यांनी त्या गृहस्थांनी सकाळच्या आख्ख्या हर्रासाचं रेकॉर्डिंग मला पाठवलं. पहिल्या ढिगापासून शेवटच्या ढिगापर्यंत आवाज एकसारखा खणखणीत. सोबत एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशवीभर वांगी आली. अशा दिवशी मी स्वतःवर खूश असते. घशाला हात न लावता, माणसाला न भेटता, नुसतं ऐकून मी आवाज परत आणते, असं तेव्हा मला खरंच वाटायचं.

मंगलाचा फोन आला तो याच दिवसांत.

मंगला शाळेत शिकवते. राहायला बीबीला, शाळा सुलतानपूरकडच्या एका लहानशा गावात. चार वर्ग, दोन शिक्षक. त्यातले मोठे गुरुजी बरेचदा कागदपत्रांसाठी तालुक्याला. म्हणजे एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी आणि मधल्या दारात मंगला. जून-जुलै तिनं कसाबसा काढला. पोळ्यानंतर तिचा आवाज दुपारच्या सुट्टीतच बसायला लागला. मेहकरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. पट्ट्यांना सूज होती आणि कडेला गाठी धरू लागल्या होत्या. त्यांनी सांगितलं, आधी आवाजाचे उपचार घ्या, दोन-तीन महिन्यांत उतार पडला नाही तर ऑपरेशनचं पाहू. त्यांनीच माझा नंबर दिला.

"ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तर मॅडम?" तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. "बिनआवाजाच्या बाईला शाळेत कोण ठेवेल?"

मी म्हटलं, "तिथपर्यंत जाऊ द्यायचं नाही म्हणून तर मी आहे."

आमच्या भेटी मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला ठरल्या, ती शाळेतून घरी आली की. पहिल्या भेटीत मी तिला पहिलीच्या पुस्तकातला एक धडा वाचायला लावला. ती वाचत होती तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "कोन हाये वं?"

मंगलानं मान वळवली आणि इतक्या जोरानं ओरडली की मी कोठीपाशी दचकले. "दवाखान्यातल्या बाई हायेत!"

"कोन?"

"बाई! दवाखान्यातल्या! बुलढान्याच्या!"

तिसऱ्या शब्दाला तिचा आवाज फाटला, जुनं धोतर फाटावं तसा. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यातून एक सुरकुतलेला चेहरा पुढं आला, मोबाईलच्या अगदी जवळ, इतका की मला फक्त एक डोळा आणि गोंदलेलं कपाळ दिसत होतं. "हाव, हाये बाई," म्हातारी म्हणाली. "जेवली का तू?"

ही गुंफाबाई, मंगलाची सासू. वय ऐंशीच्या पुढं. दोन्ही कान जवळजवळ गेलेले. घरात तिघंच माणसं, गुंफाबाई, मंगला आणि मंगलाचा नवरा प्रल्हाद. मंगलाची मुलगी मेहकरला वसतिगृहात शिकते. प्रल्हाद शेतात जातो तो दिवे लागणीला येतो आणि मुळातच खालच्या आवाजात बोलणारा माणूस आहे. आईला त्याचं बोलणं ऐकू जात नाही, म्हणून तो तिच्याशी फारसं बोलतही नाही.

"त्यांना फक्त माझं ऐकू येतं," मंगला म्हणाली. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. थोडं अभिमानानंच सांगितलं.

मला त्या दिवशी आनंद झाला, हे कबूल केलं पाहिजे. दवाखान्यात आलेली मंगला मला वर्गातली दगदग सांगून गेली असती, घरातलं ओरडणं तिच्या लक्षातही आलं नसतं. फोननं मला थेट तिच्या घरात नेलं होतं आणि पाचव्या मिनिटाला रोगाचं मूळ माझ्या हाती लागलं होतं. शाळेत सहा तास वापरलेला आवाज रात्रीपर्यंत निवायला हवा, तो हिच्या घरात आणखी तुटत होता.

पुढच्या शुक्रवारी मी पाच मिनिटं आधीच फोन लावला. मंगलानं तो उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाली, "एवढं सांगून झालं की बसते, मॅडम." मग मी त्या घरातला रोजचा कार्यक्रम ऐकला. शाळेतून आल्यावर चहा व्हायचा आणि गुंफाबाई म्हणायची, "शायेतलं सांग." मग मंगला सांगायची.

"आज गणेश शेळीचं पिल्लू घेऊन आला शाळेत!"

"काय घेऊन आला?"

"पिल्लू! शेळीचं!"

"मंग?"

"मंग काय! पिल्लानं मोठ्या गुरुजींचं रजिस्टर खाल्लं!"

"पुरं खाल्लं?"

"अर्धं खाल्लं! हजेरीचं पान खाल्लं!"

म्हातारी तोंडावर पदर धरून हसत होती, मांडीवर थाप मारत होती आणि पुन्हा विचारत होती, "गुरुजी काय म्हने मंग?" ऐकू आलं नव्हतं म्हणून विचारत नव्हती. तिला ते परत ऐकायचं होतं. मंगलानं सांगितलं की हा कार्यक्रम तासभर चालतो. शेजारपाजारचे लोक म्हणत, मंगलाबाईची शाळा संध्याकाळी घरी भरते. गुंफाबाई स्वतः कधी शाळेत गेली नव्हती, पण मंगलाच्या वर्गातलं प्रत्येक पोर तिला नावानिशी ठाऊक होतं.

त्या पाच मिनिटांत मंगलाचा आवाज चार वेळा फाटला. मी ते वहीत लिहून घेतलं. म्हातारी किती वेळा हसली ते मी लिहिलं नाही.

मी उपचार ठरवला. शाळेसाठी कमरेला बांधायचा लहान माइक, टाळी आणि हाताच्या खुणा. सकाळ-संध्याकाळ बुडबुडे. पण शाळा सुरू असताना एवढ्यानं सूज उतरणार नव्हती. आवाजाला पूर्ण विसावा हवा होता आणि शाळा तिला सोडता येत नव्हती. मग राहिलं घर. मी म्हटलं, "पंधरा दिवस घरात मौन. एक शब्दही नाही. कुजबुजसुद्धा नाही."

मंगलानं मागं वळून सासूकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि आत्याबाई?"

"खुणांनी सांगा. पंधराच दिवसांचा प्रश्न आहे."

"त्यांना वाचता येत नाही, नाहीतर पाटीवर लिहिलं असतं." मग तिनं विचारलं, "मॅडम, त्यांच्या कानाचं काही होईल का? मशीन वगैरे?"

"होईल ना. एकदा बुलढाण्याला घेऊन या, तपासू."

"त्यांना गाडी लागते. आणि आता सोयाबीनची सोंगणी. यांना सवड नाही."

"मग सोंगणी झाल्यावर आणा. आधी तुमचा आवाज मार्गी लावू."

हे वाक्य मी बोलले, तेव्हा माझ्या पाठीमागच्या कपाटात कानामागं लावायची दोन मशीनं होती, पेशंटला लावून बघायला ठेवलेली. निवृत्त झाल्यावर कानाचं काम मी जवळजवळ सोडलं होतं. पण आयुष्यभर मी दुसऱ्या डॉक्टरांना ऐकवत आले होते की बहिऱ्या माणसाचा इलाज घरातल्यांच्या घशातून करू नका. त्या दिवशी मला त्यातलं काही आठवलं नाही. मला पेशंट एकच दिसत होता, कारण पडद्यावर मधोमध तीच बसली होती.

मौनाच्या आदल्या दिवशी मंगलानं प्रल्हादला सांगून ठेवलं की आईला तुम्ही समजावून सांगा. त्यानं सांगितलंही. आईच्या कानाशी वाकून, त्याच्या परीनं मोठ्यानं. तिनं मान डोलावली. तो समाधानानं शेतात गेला.

मौन सुरू झालं. मंगळवार-शुक्रवारच्या भेटींत मंगला फक्त माझ्यासाठी तोंड उघडायची, व्यायामापुरतं. शाळेतला सकाळचा आणि दुपारचा आवाज ती रेकॉर्ड करून पाठवायची. पहिल्या आठवड्यात दोन्हींत फरक होता. दुसऱ्या आठवड्यात तो कमी झाला. घोगरेपणा निवळत होता, वाक्याच्या शेवटी आवाज गळून पडत नव्हता. मी तिला म्हटलं, "बघा, ऑपरेशन टळलं की नाही?" ती हसली, हात जोडले.

पहिल्या दोन भेटींत गुंफाबाई सवयीनं मोबाईलपाशी आली होती. मंगलानं तोंडावर बोट ठेवून तिला थांबवलं, मग हातानं "नंतर, नंतर" अशी खूण केली. तिसऱ्या भेटीत म्हातारी आली नाही. चौथ्या भेटीत ती मागं दारात बसलेली दिसली, आमच्याकडे पाठ करून. मी माझ्या वहीत त्या तारखेला काय लिहिलं आहे ते आजही वाचता येतं. "पार्श्वभूमी शांत. फार छान."

बाराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मंगलाच्या शाळेची मधली सुट्टी असावी, मागं पोरांचा कलकलाट होता.

"मॅडम, आत्याबाई जेवत नाहीत."

"कधीपासून?"

"परवापासून. भाकर वाढली की ताट बाजूला सारतात. शेजारच्या काकूंना म्हणाल्या, सुनेनं बोलणं टाकलं, आता मी घरात जड झाली."

"मौन मोडा. आजच्या आज."

"सकाळीच मोडलं मॅडम. कानाशी जाऊन ओरडले. त्यांनी तोंड फिरवलं. ऐकूनच घेत नाहीत." मग तिच्या नव्या, स्वच्छ आवाजात म्हणाली, "पंधरा वर्षांत मी त्यांच्याशी एक दिवस अबोला धरला नव्हता हो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी निघाले. चिखलीला गाडी बदलली, मेहकरला बदलली. पिशवीत मशीन होतं, बॅटऱ्या होत्या, कान तपासायचं लहान यंत्र होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापलेल्या सोयाबीनचे ढीग, सुड्या, रचलेल्या होत्या. मी मनात म्हणत होते की वेळेत चाललोय, दोन-तीन दिवसांचा उपास काही फार नाही.

गुंफाबाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मला तिनं ओळखलं. "मोबाईलातली बाई," ती म्हणाली, पण जेवली का म्हणून विचारलं नाही. मी मशीन दाखवलं, कानाकडे खूण केली. तिनं हात झटकला. "मले काय कराचं ऐकून? माह्याशी कोन बोलते?"

मंगला तिच्या पायाशी बसली आणि तिनं तिचा हात धरून ठेवला. त्या हाताच्या भरवशावर म्हातारीनं मला कान पाहू दिला. उजवा कान अगदीच गेलेला होता. डाव्यात बऱ्यापैकी शिल्लक होतं. मशीन बसवलं, आवाज हळूहळू वाढवत नेला. आत प्रल्हादनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हातारी दचकून तिकडे बघू लागली.

मी मंगलाला खूण केली. बोला, साध्या आवाजात.

"आत्याबाई," मंगला म्हणाली. "मी रागावली नव्हती."

गुंफाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ऐकू आलं होतं. "मंग बोलत काऊन नव्हती? प्रल्हादनं सांगतलं मले. मंगला बोलनार नाही म्हने."

प्रल्हाद दारात येऊन उभा होता. "माय, म्या सांगतलं ना, तिचा घसा बसला, म्हनून बोलनार नाही," तो म्हणाला. "घसा बसला म्हनलं होतं म्या."

पण ते पहिले शब्द म्हातारीपर्यंत पोचलेच नव्हते. तिला पोचलं होतं ते एवढंच, मंगला बोलणार नाही. त्यानंतर बारा दिवस तिनं तेच पाहिलं होतं. तोंडावर बोट. हात झटकून केलेली "नंतर"ची खूण. ओसरीवरच्या कुत्र्याला हाकलताना आपण करतो तशीच ती खूण असते, हे मला तिथं बसल्यावर कळलं.

मंगलानं सगळं सांगितलं. घशातल्या पट्ट्या, गाठी, डॉक्टर, ऑपरेशन, मौन. तिचा आवाज मऊ होता, मी घडवून दिलेला, आणि म्हातारी एकेक शब्द ऐकत होती. मंगला रडत होती आणि हसतही होती. मलाही वाटलं, झालं, सुटलं.

सगळं ऐकून झाल्यावर गुंफाबाईनं मंगलाच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग तिनं विचारलं, "माह्याशी बोलून बोलून तुहा घसा गेला?"

"तसं नाही आत्याबाई. शाळेत पण..."

"माह्याच्यानं गेला," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं दुधात कुस्करून अर्धी भाकर खाल्ली. मी दुपारच्या गाडीनं परत फिरले. येताना मी समाधानात होते. शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं, पण त्याचं काय करायचं ते मला सुचलं नाही म्हणून मी ते सोडून दिलं.

दसरा झाला, दिवाळी झाली. मेहकरच्या डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. सूज गेली होती, गाठी विरल्या होत्या. मंगलाच्या रेकॉर्डिंगमध्ये सकाळचा आवाज कुठला आणि दुपारचा कुठला ते मला ओळखता येईना. मी तिला म्हटलं, आता मशीन आहे, आता हळू बोललं तरी चालतं, शाळेतलं सांगायला लागा परत.

"नाही सांगू देत मॅडम," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. गुंफाबाई मशीन दिवसभर वापरायची. शेजारणींच्या गप्पा, शेळ्या, रस्त्यानं जाणारे फेरीवाले, सगळं ऐकायची आणि खूश असायची. चार वाजत आले की मात्र मशीन काढून डबीत ठेवायची आणि डबी फडताळात. मंगला घरात पाऊल टाकायची तेव्हा म्हातारीचे कान बंद झालेले असायचे. मंगलानं तरीही ओरडून सांगायला सुरुवात केली तर ती उठून तिच्या तोंडावर हात ठेवायची. "राहू दे वं. घसा जप." मंगलानं एकदा स्वतः डबी काढून मशीन तिच्या कानाला लावायला घेतलं, तर तिनं कान दोन्ही हातांनी झाकून घेतला.

मी म्हटलं, मला त्यांच्याशी बोलू द्या. रविवारी दुपारी, मशीन कानात असताना, मंगलानं मोबाईल तिच्यापुढं धरला. मी पुष्कळ समजावलं. मंगला आता बरी आहे, बोललं तर काही होत नाही, उलट बोललेलं चांगलं.

म्हातारीनं शांतपणे ऐकलं. "मॅडम, तुमीच सांगतलं होतं ना, घरात बोलाचं नाही?"

"तेव्हा सांगितलं होतं. आता तसं नाही."

"आता हाये बरा, उद्या पुन्हा बसला तं? पोरीची नोकरी हाये. माह्यं काय, माह्यं झालं सारं." आणि तिनं मलाच विचारलं, "तुमी सांगा, माह्याशी बोलल्यानंच गेला होता ना?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हणू शकले नाही. मीच तो शोध लावला होता आणि वहीत लिहून ठेवला होता. माझ्या त्या गप्प बसण्यातून तिला जे समजायचं ते समजलं. खोटं बोलायची एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नाही.

पौषात थंडी पडली आणि गुंफाबाईच्या छातीत कफ धरला. दवाखान्यात दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी प्रल्हादनं मला फोन केला, "मॅडम, माय गेली," आणि ठेवून दिला.

मी आठव्या दिवशी भेटायला गेले. ओसरीवर बायका बसल्या होत्या. आमच्याकडे रीत अशी की भेटायला नवीन बाई आली की घरातल्या बायका तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, गेलेल्या माणसाचे गुण गातात, मग पाणी पितात. प्रल्हादची बहीण कमल माझ्या गळ्यात पडली, मायच्या नावानं टाहो फोडला. मग मंगला उठली. तिनंही मिठी मारली. तिचं सगळं अंग हलत होतं, पण तोंडातून आवाज निघत नव्हता.

मी खाली बसले. कमल डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "बारा दिवस मायशी बोलली नाही. आता रडत बी नाही."

बायका खाली मान घालून बसल्या. हे पहिल्यांदा बोललं जात नव्हतं, ते कळत होतं. मंगला आत निघून गेली.

मी म्हटलं, "कमलताई, ते मौन मी धरायला लावलं होतं. तिचा दोष नाही. तिनं आधी तुमच्या आईचंच विचारलं होतं. मीच म्हटलं, पंधरा दिवस तर आहेत."

कमलनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "तुमी तिच्या घशाच्या डॉक्टर, मॅडम," ती म्हणाली. "तुमाले मायचं काय ठावं?"

मी उठून आत गेले. मंगला चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तोंडात पदराचा बोळा धरला होता आणि त्यातून घुसमटल्यासारखा श्वास येत होता. घशाला यापेक्षा वाईट काही नसतं, असं मी पेशंटना शिकवते.

"मंगला, असं नको. मोकळी रड ना."

तिनं पदर काढला. "दहावं झालं की सोमवारी शाळा आहे, मॅडम," ती म्हणाली. "मोठ्यानं रडले तर घसा बसेल. आत्याबाईंनी तेवढ्यासाठी तर..."

मी तिचे खांदे धरले. इतक्या वर्षांत कुठल्याच पेशंटला मी असं सांगितलं नव्हतं. म्हटलं, "रड. मी सांगते. जेवढ्या मोठ्यानं रडता येईल तेवढ्या मोठ्यानं रड."

ती रडली. पहिला हंबरडा फुटला तेव्हा ओसरीवरची कुजबुज थांबली. ती आत्याबाईंना हाका मारत होती आणि हाकांच्या मध्ये काय काय सांगत होती. कुठलं पोर परीक्षेत पहिलं आलं, कुणाचा दात पडला, कुणाचं नाव शाळेतून काढलं. तीन-साडेतीन महिन्यांचं सगळं. कमल धावत आत आली, दारात क्षणभर थांबली, मग पुढं होऊन तिनं मंगलाला छातीशी धरलं आणि दोघी तिथंच खाली बसल्या.

मी भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले. कितीतरी वेळ ती रडत होती. तिचा आवाज एकदाही फाटला नाही.